तीन डिस्कवर पाच दिवस

आमच्या शाळेच्या सर्व्हरमध्ये चार हार्ड डिस्क आहेत. गेल्या जूनमध्ये त्यातली एक बंद पडली. पाच दिवसांनी तिच्या जागी नवी बसली. या काळात सर्व्हर एक मिनिटही बंद करावा लागला नाही. चालू यंत्रातून डिस्क काढून दुसरी बसवण्याच्या या सोयीला ‘हॉट-स्वॅप’ म्हणतात. ती कशी चालते आणि तिच्यावर भरवसा किती ठेवावा, हे सविस्तर लिहावंसं वाटलं. आपल्याकडच्या कितीतरी शाळांनी, वाचनालयांनी आणि संस्थांनी जुने कागद स्कॅन करून अशाच एखाद्या पेटीत ठेवले आहेत. त्या पेटीकडे रोज कोण बघतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझा संगणकाशी संबंध आला तो जनरल रजिस्टरांमुळे. आमची शाळा मराठवाड्यातली आणि जुनी. पहिली रजिस्टरं निजामाच्या काळातली, उर्दूत, फसली सनात. त्या सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतं. पुढे सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदललं, सन बदलला, तरी आमच्या शाळेत नोंदी बरीच वर्षं उर्दूतच होत राहिल्या. आज हे वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. म्हणून चार उन्हाळी सुट्ट्या बसून मी प्रत्येक नोंदीची मराठीत सूची केली: नाव, वडिलांचं नाव, जात, दाखल तारीख, रजिस्टर, पान. पानं स्कॅन झाली ती वेगळी. हे सगळं त्या सर्व्हरवर आहे.

या सूचीची किंमत जून महिन्यात कळते. बारावीचा निकाल लागतो आणि बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा घरांतली मुलं-मुली जात पडताळणीसाठी पुरावा शोधू लागतात. इतर मागास वर्गासाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्याआधीचा कागद हवा. ज्या घरात जमीन नाही, त्या घरात सातबारा नाही, खरेदीखत नाही. असतो तो एकच पुरावा: आजोबा तिसरी-चौथीपर्यंत शाळेत गेले असतील तर तिथली एक ओळ. उतारा मूळ रजिस्टरवरूनच द्यावा लागतो, पण ते कागद आता पापडासारखे तुटतात. सूचीत नाव शोधायचं, स्कॅन बघून खात्री करायची आणि मग नेमकं तेच पान उघडायचं. सूची नसेल तर दहा रजिस्टरं चाळावी लागतील, आणि चाळता चाळता निम्मी संपतील.

मंगळवारी सकाळी आमचे क्लार्क म्हणाले, “आपा, काल संध्याकाळपासून काहीतरी टुंटुं वाजतंय. यूपीएस असेल.” यूपीएस नव्हता. सर्व्हरच्या तिसऱ्या ट्रेवरचा हिरवा दिवा पिवळा झाला होता.

आता थोडं तंत्र. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, आणि त्यातली एखादी मरणारच हे धरून हिशेब लावावा, असा त्याचा गाभा. या रचनेला त्यांनी ‘रेड’ हे नाव दिलं. तिचे अनेक प्रकार आहेत, आमच्याकडे पाचवा आहे. नववीच्या वर्गात मी तो चिठ्ठ्यांवर समजावला होता. तीन मुलींच्या हातात ७, ४ आणि ९ अशा चिठ्ठ्या, चौथीच्या हातात बेरीज, २०. मग कुणीही एक मुलगी वर्गाबाहेर पाठवा. उरलेल्या तिघींकडे बघून तिची चिठ्ठी सांगता येते. पण दोघी बाहेर गेल्या की संपलं. २० मधून ७ गेले, १३ उरले. त्यात कुणाचे किती, हे कोण सांगणार? यंत्रात बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब असतो आणि तो एकाच डिस्कवर न ठेवता चौघींवर आळीपाळीने लिहिला जातो, एवढाच फरक. आमच्या डिस्क दोन-दोन टेराबाइटच्या. एकूण आठ, पण वापरायला मिळतात सहा. दोन टेराबाइट या हिशेबाला जातात.

म्हणजे मंगळवारी आमचं काहीच गेलं नव्हतं. क्लार्क दाखले छापत होते, सूचीत नावं सापडत होती. हरवलेल्या डिस्कवरचा मजकूर सर्व्हर बाकी तिघींवरून दर वेळी नव्याने काढून देत होता. आणि खरी अडचण इथेच होती. मी संस्थेच्या सचिवांकडे नवी डिस्क मागायला गेले, तर त्यांचा पहिला प्रश्न: “चालतंय ना? मग आत्ता, ॲडमिशनच्या गडबडीत कशाला?”

प्रश्न चुकीचा नाही. घरात एक नळ गळत असला तरी पाणी येतंय तोवर आपण प्लंबर बोलावत नाही. पण इथे उरलेल्या तीन डिस्क त्याच दिवशी, त्याच दुकानातून आणलेल्या होत्या. सहा वर्षं त्याच खोलीत, त्याच उन्हाळ्यांत, मिनिटाला ७,२०० फेरे घेत फिरलेल्या. एक थकली तर बाकीच्यांचं वयही तेच. कंपन्या अशा डिस्कचं सरासरी आयुष्य दहा लाख तास छापतात. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. २००७ साली बियांका श्रोडर आणि वर उल्लेख केलेले तेच गार्थ गिब्सन यांनी मोठ्या संगणक केंद्रांच्या नोंदी तपासल्या. छापील आकड्यांवरून वर्षाला शंभरात एकही डिस्क बदलावी लागायला नको होती. प्रत्यक्षात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी १३ पर्यंत. त्याच वर्षी गुगलच्या अभ्यासकांनी एक लाखाहून जास्त डिस्कचा हिशेब मांडला. वाचताना पहिला दोष सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. दुसरी गोष्ट त्याहून काळजीची: मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्तींनी, सर्वांत भरवशाच्या मानलेल्या चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं.

सचिवांनी ऐकलं, समजूनही घेतलं. पण खरेदी म्हटली की तीन कोटेशनं आली. नियम आहे, आणि पैसा समाजाचा आहे. त्याला माझी तक्रार नाही. फक्त त्या नियमाला तीन दिवस लागले, डिस्क यायला आणखी एक. तोवर चार मुलींच्या वर्गात तिघीच होत्या आणि कुणालाही बाहेर पाठवायची सोय उरली नव्हती.

म्हणून मंगळवारी पहिलं काम केलं ते नक्कल. दर शुक्रवारी एका बाहेरच्या डिस्कवर सगळ्याची नक्कल होते आणि ती डिस्क शाळेत न ठेवता संस्थेच्या वाचनालयाच्या कपाटात ठेवली जाते. आधीच्या शुक्रवारनंतरच्या नोंदी त्या नकलेत नव्हत्या, त्या आधी उतरवल्या. वाचकांपैकी ज्यांच्याकडे असा सर्व्हर आहे त्यांनी हे एक वाक्य तरी लक्षात ठेवावं: चार डिस्कची रचना म्हणजे नक्कल नव्हे. कुणी चुकून एक फोल्डर पुसला, तर चारही डिस्क तो तितक्याच इमानदारीने पुसतील. आग लागली, चोरी झाली, व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर चौघी एकाच पेटीत असतात. रेड आपल्याला काम न थांबवता दुरुस्तीसाठी वेळ देते. अमानत सांभाळायची ती दुसऱ्या जागी ठेवलेल्या नकलेने.

गुरुवारी एक आजोबा नातीला घेऊन आले. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळायची शक्यता होती. आजोबा तिसरीनंतर शाळा सोडून मंडईत बसले होते. कुठल्या साली, आठवत नाही. “बारिश बहुत हुई थी उस साल,” एवढंच. सूचीत त्या नावाचे सहा जण होते. वडिलांच्या नावावरून दोन उरले, आडनावाच्या जागी लिहिलेल्या ‘बागवान’वरून एक. स्कॅन उघडलं. पान पडद्यावर यायला नेहमीपेक्षा वेळ लागला, कारण त्यातला चौथा हिस्सा यंत्र हिशेब करून काढत होतं. आलं. १९५४, जून. मग कपाटातून ते एकच रजिस्टर काढलं, ते एकच पान उघडलं. मुलगी उर्दू वाचू शकत नव्हती, मराठी माध्यमात शिकलेली. आजोबांनी आपल्या नावावर बोट ठेवून तिला दाखवलं. माझं अर्धं लक्ष त्या बोटाकडे होतं, अर्धं कोपऱ्यातल्या पिवळ्या दिव्याकडे.

शनिवारी डिस्क आली. बसवायला आला तो माझाच जुना विद्यार्थी, आता तालुक्याला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने घरचे संगणक शेकड्याने उघडलेत, पण तिथे आधी वायर काढतात, मग हात घालतात. इथे क्लार्कांचं छापणं चालू होतं, बाहेर रांग होती. त्याने हळूच विचारलं, “आपा, सच्ची बंद नहीं करना?”

नाही करायचं. का, ते त्याला ट्रे उलटी धरून दाखवलं. प्रत्येक डिस्क एका चौकटीत बसते आणि ती चौकट खाचेतून सरकत मागच्या एका पाटीला जाऊन भिडते. तिथे वायरी नसतात, नुसत्या सोनेरी पट्ट्या असतात, आणि त्या सगळ्या एका लांबीच्या नसतात. आपल्या घरातल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन लांब असते, ती आधी भिडावी म्हणून. तसंच इथे. अर्थिंगच्या पट्ट्या आधी टेकतात, मग वीज हळूहळू चढवणाऱ्या, मग बाकीच्या. त्यामुळे ठिणगी नाही, एकदम ओढ नाही, शेजारच्या डिस्कना धक्का नाही. काढताना हाच क्रम उलटा. हॉट-स्वॅपचं अर्धं रहस्य एवढंच आहे, मिलिमीटरच्या फरकाचं. उरलेलं अर्धं त्या कंट्रोलरमध्ये आहे, ज्याला डिस्क गेली-आली हे कळतं.

जोखीम वेगळ्याच ठिकाणी असते. पडद्यावर लिहिलं होतं: ‘डिस्क २ निकामी’. दिवा होता तिसऱ्या ट्रेवर. तो म्हणाला, “आपा, स्क्रीन दोन म्हणतंय, दिवा तीन म्हणतोय. कुणाचं खरं?” दोघांचंही. यंत्र शून्यापासून मोजतं: ०, १, २, ३. माणूस एकपासून. चार डिस्कपैकी एक मेलेली असताना भलतीच डिस्क ओढली, तर रचना त्याच क्षणी कोसळते. म्हणून आकड्यावर किंवा नुसत्या दिव्यावर जायचं नाही. सर्व्हर आणला त्या दिवशी चारही डिस्कचे सिरियल नंबर एका कागदावर उतरवून मी पेटीच्या दारावर आतून चिकटवले होते. पडद्यावरच्या निकामी डिस्कचा नंबर आणि कागदावरचा तिसऱ्या जागेचा नंबर, शेवटचे चार अंक त्याने मोठ्याने वाचले, मी पडताळले. मग सॉफ्टवेअरमधून त्या ट्रेचा दिवा उघडझाप करायला लावला. तीन साक्षी जुळल्या, तेव्हा हात लावला.

पुढचं काम पाच मिनिटांचं. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावायचा. ट्रेची कळ दाबायची, दांडी बाहेर येते. ट्रे बोटभर ओढायची आणि थांबायचं. आतल्या चकत्या फिरत असतील तर त्या थांबायला अर्धं मिनिट द्यायचं, कारण फिरती डिस्क हातात घेऊन वळवली की वाचणारं डोकं चकतीवर घासू शकतं. मग पूर्ण बाहेर. जुनी डिस्क चौकटीतून सोडवायची, नवी त्याच चार स्क्रूंनी बसवायची, हिरव्या सर्किटला बोट न लावता. नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी हवी. एका सेक्टरनेही लहान असेल तर कंट्रोलर तिला घेत नाही. जातही तीच हवी: सॅटाच्या खाचेत सॅस डिस्क बसत नाही. ट्रे सरळ आत, शेवटपर्यंत, मग दांडी बंद. टक असा आवाज आला. काही क्षणांनी दिवा लुकलुकू लागला. रांगेतल्या कुणाला काही कळलंही नाही.

पण काम तिथे सुरू होतं, संपत नाही. नवी डिस्क कोरी असते. वर्षाच्या मध्यात नवी मुलगी वर्गात आली की ती तिघींच्या वह्या घेऊन मागचं सगळं उतरवून काढते, आणि त्याच वेळी वर्गही चालू असतो. इथेही तसंच. यंत्र उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतं आणि चौथी लिहितं. जागा भरलेली असो की रिकामी, पूर्ण दोन टेराबाइट. सेकंदाला १०० मेगाबाइट धरले तर २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास. थकलेल्या तिघींवर सहा वर्षांत पडलं नसेल इतकं काम याच तासांत पडतं. साध्या डिस्कच्या कागदावर कंपन्याच लिहितात की सुमारे साडेबारा टेराबाइट वाचल्यावर एखादा तुकडा न वाचता येण्याची शक्यता धरावी. तिघींचं मिळून सहा टेराबाइट वाचायचे होते. त्या आकड्याच्या जवळपास निम्मे. प्रत्यक्षात डिस्क बहुतेक वेळा या छापील आकड्याहून चांगल्या वागतात, पण त्या रात्रीचा हिशेब मी वाईटावर धरला होता. मोठमोठ्या डिस्क असलेली केंद्रं आता दोन डिस्क गेल्या तरी तगणारी सहाव्या प्रकारची रचना वापरतात, ती याच भीतीने.

सुरू झालं ते साडेबाराला. संध्याकाळी पाचपर्यंत दाखले छापणं चालू होतं, म्हणून गती मंद. सातला वीज गेली, चाळीस मिनिटं. यूपीएसने धरलं. रखवालदार चाचांना मी पडद्यावरचा आकडा दर तासाला फोनवर सांगायला सांगितलं होतं. ६१ टक्के. ७४. “बेटा, नव्वद के ऊपर है, अब सो जाओ.” अकराच्या सुमाराला शंभर झालं. तिसऱ्या ट्रेचा दिवा हिरवा. सोमवारी यंत्राला सगळ्या हिशेबाची फेरतपासणी करायला लावली, जुळला.

जुन्या डिस्कचं काय करायचं, हा प्रश्न राहिला होता. दुकानदार बदल्यात थोडे पैसे कमी करायला तयार होता. दिली नाही. मेलेल्या डिस्कवरही तुकड्या-तुकड्याने मजकूर असतो, आणि आमच्या मजकुरात मुलांची नावं, पत्ते, आधारच्या प्रती आहेत. वेल्डिंगच्या दुकानात तिला चार ठिकाणी आरपार भोकं पाडून घेतली. दारावरच्या कागदावरचा तिचा नंबर खोडला, नवा लिहिला, तारीख टाकली.

याचा एक फायदा झाला. सचिवांनी स्वतःहून एक जास्तीची डिस्क मंजूर केली, ती पाकिटासकट कपाटात आहे. पुढच्या वेळी कोटेशनं नंतर येतील, डिस्क आधी बसेल. बाकीच्या तीन जुन्या आहेतच. त्या मरायची वाट न बघता एकेका मोठ्या सुट्टीत एकेक बदलायची ठरली आहे, दर वेळी आधी नक्कल घेऊन.

तुमच्या संस्थेत, वाचनालयात, ट्रस्टच्या ऑफिसात अशी पेटी असेल, तर या आठवड्यात एवढं करा. तिच्यासमोर उभे राहा आणि दिवे मोजा. कुठला पिवळा आहे का बघा. टुंटुं वाजत असेल तर आवाज बंद करण्याआधी कारण शोधा. डिस्कचे नंबर कागदावर लिहून दारावर चिकटवा. शेवटची नक्कल कुठल्या तारखेची आहे आणि ती कुठल्या दुसऱ्या इमारतीत आहे, हे विचारा. उत्तर देणारा माणूस सापडला नाही, तर तो आधी नेमा.